रक्तातून नाही हो, ओरखड्यातून!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर आणि तो करणाऱ्या एचपीव्ही या विषाणूच्या लशीवर जवळजवळ अर्धं पान आलं होतं. विषय घेतलात त्याबद्दल खरंच आभार, आपल्याकडे या विषयाला पेपरात अर्धं पान म्हणजे खूप झालं. पण वाचता वाचता दोन ठिकाणी मला चहाचा कप खाली ठेवावा लागला. एक ते चित्र. लाल गोळा आणि त्याला चहूबाजूंनी काटे, अहो तो कोरोना आहे, २०२० सालचं उरलेलं चित्र कुणीतरी उचलून टाकलंय. आणि दुसरं ते वाक्य, की हा विषाणू शरीरात शिरला की रक्तात मिसळतो आणि रक्तावाटे गर्भाशयापर्यंत पोचतो. चित्र एक वेळ सोडून देईन, पण हे वाक्य नाही सोडता येत, त्याच्यापायी आमच्या मजल्यावर भांडण झालंय.

सांगते काय झालं. मी परळच्या एका लॅबमध्ये बावीस वर्षं काम करते, पॅप स्मिअरच्या, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरून घेतलेल्या सेलच्या (पेशींच्या), स्लाइड रंगवायच्या, कव्हरस्लिप लावायची आणि मायक्रोस्कोपखाली पहिली नजर टाकायची, काही वेगळं वाटलं तर तिथे पेनाने ठिपका द्यायचा, मग डॉक्टर बघणार आणि सही त्यांची. राहायला लालबागला, चाळीत. शेजारच्या वहिनींची मुलगी आठवीत आहे, तिला लस द्या म्हणून मी सहा महिने मागे लागलेय. त्यांनी काय करावं, तुमचा लेख वाचला आणि पोरीचं रक्तच तपासून आणलं, फुल बॉडीचं पॅकेज, डिस्काउंटमध्ये. रिपोर्ट माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "बघा ताई, सगळं नॉर्मल, रक्तात काही नाहीच, मग कशाला टोचायचं पोरीला?" रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन होतं, थायरॉइड होतं, व्हिटॅमिन डी सुद्धा होतं. एचपीव्हीचं नाव नव्हतं आणि असणारही नव्हतं, कारण त्याचा असा रक्तातून निघणारा रिपोर्टच नसतो, तो रक्तातून फिरणारा व्हायरसच नाही. मी हे बोलले तर त्या म्हणाल्या, "मग काय पेपरवाले खोटं लिहितात?" आणि तिथून आवाज चढले, कॉमन गॅलरी आहे, बाकीचेही बाहेर आले, पुढचं तुम्ही समजू शकता.

म्हणून हे पत्र. तो रक्तातून जात नाही तर जातो कसा, हे एकदा नीट लिहू दे, छापताना कापाकापी करायची तर शेवटाकडची करा, मधली नको.

आपली कातडी म्हणजे एकावर एक रचलेले सेलचे थर. सगळ्यात वरचे मेलेले, वाळलेले, गळून पडणारे. सगळ्यात खालचा एकच थर असा की जो सतत नवे सेल बनवत असतो, आणि त्याच्याखाली एक पातळ चादर असते, तिला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. तोंडाच्या आत, योनीत, गर्भाशयाच्या तोंडावर बाहेरच्या बाजूला साधारण हीच रचना, फक्त ओलसर. एचपीव्हीला हवा असतो तो खालचा थर. वरच्या थरावर तो कितीही बसला तरी त्याला आत घेणारं कोणी नाही. धडधाकट, न फाटलेल्या कातडीतून तो जाऊच शकत नाही. त्याला लागतो ओरखडा, आणि तो आपल्याला दिसेल असा मोठा नाही, संबंधाच्या वेळी घासून पडतो तेवढा बारीक, रक्तसुद्धा येत नाही. हे काही आजचं ज्ञान नाही बरं का, रिचर्ड शोप नावाच्या संशोधकाने १९३३ मध्ये सशांमधला असाच एक व्हायरस शोधला, तेव्हाही लागण करायची तर सशाची कातडी आधी खरवडून घ्यावी लागायची.

याचा अनुभव माझ्याच बोटावर आहे. लहानपणी मला नखं कुरतडायची सवय होती आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना नखाच्या कडेने चामखिळी आल्या होत्या. आजीने व्हिक्टोरियावाल्याकडून घोड्याचा केस मागून आणला आणि घट्ट बांधला, बोट सुजलं, मी रडून घर डोक्यावर घेतलं, चामखीळ काही गेली नाही, वर्षभराने आपोआप गेली. आता कळतं की ती सुद्धा याच खानदानातल्या व्हायरसची करणी. दोनशेपेक्षा जास्त प्रकार आहेत त्याचे, हातापायाचे वेगळे, गुप्तांगाचे वेगळे. आणि कुरतडून कुरतडून नखाशेजारची कातडी सोलून मीच त्याला दार उघडून देत होते. तेव्हा घरात सगळे म्हणायचे की पोरीचं रक्त खराब आहे. बघा, तेव्हापासून रक्तच.

तर ओरखडा पडला, खालची चादर उघडी झाली, आता तो काय करतो. इथे सांगायला पाहिजे की हा दिसतो कसा. अगदी लहान, ५५ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत दीडेक हजार शेजारी शेजारी बसतील. काटे नाहीत, बाहेर चरबीचं आवरणही नाही, नुसतं प्रोटीनचं टणक कवच, त्यात गोल बांगडीसारखा डीएनए. कवचाचं मुख्य प्रोटीन एल-वन, पाच-पाचचे ७२ गुच्छ, म्हणजे ३६० नग, वरून बघितलं तर सीताफळासारखं. आतल्या बाजूला लपलेलं दुसरं प्रोटीन, एल-टू, ते संख्येने कमी पण खरा कारभारी तोच. चित्रच छापायचं तर सीताफळ छापा, निदान जवळ तरी जाईल.

आता फ्लूचा व्हायरस म्हणजे दादरला गाडीत चढणारा माणूस, चिकटला की आत, तासाभरात सेलच्या केंद्रकापर्यंत. एचपीव्हीचं तसं नाही. हा आधी त्या उघड्या चादरीवर हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या असतात त्यांना धरून नुसता बसतो. मग कवचाचा आकार थोडा बदलतो, आपल्याच शरीरातली एन्झाइम्स त्याला इथे-तिथे चिरतात, एल-टूचं टोक बाहेर डोकावतं, आणि फ्युरिन नावाचं एन्झाइम ते टोक कापतं. फ्युरिन आपलं हं, व्हायरसचं नाही, ते बिचारं रोज आपल्या प्रोटीनची कापाकापी करत असतं, यालाही कापून देतं. हे कापल्याशिवाय त्याचं पुढचं काम होत नाही. तेवढ्यात आपलं शरीर काय करतं, तर जखम भरायला घेतं, कडेचे सेल वाढत त्या उघड्या चादरीवरून सरकत येतात, आणि हे साहेब नेमके त्यांचीच वाट बघत बसलेले असतात. चादरीवरून उठून सेलवर जातात. म्हणजे जखम भरणं हीच त्याची संधी, मला तर पहिल्यांदा कळलं तेव्हा रागच आला होता.

सेलने एकदा गिळलं की तो एका पिशवीत बंद असतो. पिशवीत आंबटपणा वाढतो, कवच सैल होतं, एल-टू आपली शेपटी पिशवीच्या भिंतीतून आरपार बाहेर काढतो आणि सेलची जी माल इकडून तिकडे पोचवायची यंत्रणा असते तिला पकडतो. मग कचऱ्याच्या डब्याकडे जायच्या ऐवजी पार्सल जातं गॉल्जीकडे, सेलचं पोस्ट ऑफिसच म्हणा. पण खरं जायचंय ते केंद्रकात, कारण डीएनएचं काम तिथे. आणि केंद्रकाला भिंत आहे, भिंतीला दारं आहेत पण लहान, हा काही त्या दारांनी जात नाही.

तर तो थांबतो. आणि कशासाठी थांबतो हे मुंबईकराला सांगायलाच नको, रिडेव्हलपमेंटसाठी! सेल विभागायला लागला की केंद्रकाची भिंत काही वेळापुरती पाडली जाते, क्रोमोसोम, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या, मोकळे होतात, दोन्हीकडे वाटणी होते आणि मग नव्या भिंती उभ्या राहतात. त्या गडबडीत एल-टू आपली पिशवी क्रोमोसोमला बांधून टाकतो आणि नवी भिंत झाली की हा आत. ना भाडेकरू, ना मालक, ना पागडी भरलेली, पण टॉवरमध्ये फ्लॅट. आमच्या चाळीची फाइल किती वर्षं कुठे अडकली आहे ते मी इथे लिहीत नाही. म्हणूनच त्याला सगळ्यात खालचा थर पाहिजे असतो, वरचे सेल विभागतच नाहीत, तिथे रिडेव्हलपमेंट होणारच नाही.

या सगळ्याला एक दिवस, कधी त्याहून जास्त. व्हायरसच्या हिशोबात हे म्हणजे फारच रमतगमत झालं. आणि संपादक साहेब, लस चालते ती याच्यामुळे.

लशीत काय असतं तर नुसतं एल-वन, बहुतेक वेळा यीस्टमध्ये बनवलेलं, ते आपलं आपण जुळून रिकामं कवच बनतं. आत डीएनए नाही, म्हणजे त्याच्याकडून लागण व्हायचा प्रश्नच येत नाही. ते दंडात टोचलं की रक्तात भरपूर अँटिबॉडी बनतात. आता तुम्ही म्हणाल की व्हायरस रक्तात नाही आणि अँटिबॉडी रक्तात, मग गाठ कुठे पडणार. गाठ पडते त्या ओरखड्यावर! कातडी घासली की खालून रक्तातलं पाणी झिरपतं, त्याच्याबरोबर अँटिबॉडी तिथेच हजर, आणि व्हायरस चादरीला धरून निवांत बसलेला. भरपूर अँटिबॉडी असतील तर चादरीलाच चिकटू देत नाहीत, कमी असतील तरी चादरीवरून सेलवर जाऊ देत नाहीत. रक्ताचा संबंध आहे तो हा एवढाच, आणि तो आपल्या बाजूने. फ्लूसारखा हा पण घाईत आत गेला असता तर अँटिबॉडीला एवढा वेळ मिळालाच नसता.

आणि एकदा का सेलच्या आत गेला की लशीच्या अँटिबॉडी त्याचं काही करू शकत नाहीत, बाहेरच्या बाहेर फिरतात. म्हणून लस लहान वयात, ९ ते १४ मध्ये, संबंध सुरू व्हायच्या कितीतरी आधी. लोक म्हणतात एवढ्या लहान पोरीला आत्तापासून कशाला, अहो आत्तापासूनच, छत्री कोणी भिजल्यावर घेतं का. मुलग्यांनाही देता येते, तेही वाहक असू शकतातच, पण आमच्या गॅलरीत तो मुद्दा काढायची अजून माझी हिंमत झालेली नाही.

हा सापडत का नाही हेही तुमच्या लेखात यायला हवं होतं. खालच्या थरात तो आपल्या मोजक्याच प्रती ठेवून गप्प बसतो. सेल मारत नाही, सूज नाही, ताप नाही. ते सेल नेहमीसारखे वर वर सरकतात, आणि अगदी वर, जिथे पहारा कमी, तिथे गेल्यावर हजारोंनी नवे व्हायरस बनतात आणि गळणाऱ्या सेलबरोबर बाहेर पडतात. हा सगळा प्रवास तीनेक आठवड्यांचा. शरीराला पत्ताच लागत नाही म्हणून अनेकींच्यात लागण होऊनही अँटिबॉडी धड बनत नाहीत. तरी घाबरून जायचं काही नाही, दहातल्या नऊ लागणी एक-दोन वर्षांत शरीर आपली आपण आवरतं. उरलेल्या एखादीत १६ नंबर किंवा १८ नंबरसारखा प्रकार वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, ई-सिक्स आणि ई-सेव्हन ही त्याची दोन प्रोटीनं आपल्या सेलचे ब्रेक निकामी करतात, आणि दहा-वीस वर्षांनी कॅन्सर. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी ७० टक्के या दोनच नंबरांचे. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये हे दोन्ही शोधले, २००८ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो.

मला तो स्लाइडवर भेटतो. तो म्हणजे तो नाही, तो आमच्या मायक्रोस्कोपला दिसण्याइतका मोठाच नाही, त्याच्या पाऊलखुणा. पॅपच्या रंगात सेल छान दिसतात, निळसर-हिरवे, काही नारिंगी, मधे नीटस गोल केंद्रक. आणि मग एखादा असा येतो की केंद्रक काळपट, मनुक्यासारखं सुरकुतलेलं, कधी एकाच्या जागी दोन, आणि त्याच्याभोवती रिकामी पांढरी जागा, कोणी खोडरबर फिरवल्यासारखी, कडा मात्र एकदम गडद. आम्ही त्याला कॉइलोसाइट म्हणतो. तो दिसला की मी पेनाने ठिपका देते. कॅन्सर नसतो तो, बहुतेक वेळा जातोही. पण ती बाई कोण, तिला रिपोर्ट कोण नीट समजावणार, घरी काय ऐकून घ्यावं लागणार हे मनात येतंच. कारण घरात पहिला प्रश्न येतो तो चारित्र्याचा. एकाच माणसाशी आयुष्यभर संसार केलेल्या बाईलाही हा होतो, नवऱ्याकडून लग्नाआधीचा येऊ शकतो, लागण कधीची हे स्लाइड सांगत नाही आणि कोणी सांगूही नये. ओरखडा कोणालाही पडतो.

रक्त तपासायचं नाही तर काय तपासायचं, हा वहिनींचा पुढचा प्रश्न होता आणि तो बरोबरच होता. जागेवरचा नमुना. ब्रश फिरवून घेतलेले सेल, त्यावर पॅप स्मिअर किंवा एचपीव्हीची डीएनए टेस्ट, नाहीतर साधं व्हिनेगर लावून बघणं, म्हणजे ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड, खराब जागा पांढरी पडते. हे शेवटचं तर आपल्या मुंबईचं कर्तृत्व आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून इथल्या झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाखाच्या आसपास बायकांचा अभ्यास केला, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन त्यांच्याकडून व्हिनेगरची तपासणी करून घेतली, आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा जगभर चर्चा झाली. तिकडे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलबरोबर झालेल्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या डीएनए टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, ते २००९ मध्ये छापून आलं. पुण्याच्या सिरमची एचपीव्हीची लस, सर्व्हाव्हॅक, २०२२ मध्ये मंजूर झाली. एवढं सगळं आपल्या राज्यात, आणि पुरवणीत एकाचंही नाव नाही, चित्र कोरोनाचं.

एक गंमत सांगून थांबते. हा व्हायरस लॅबमध्ये साध्या डिशमध्ये वाढत नाही, त्याला थरांची कातडी लागते, त्यामुळे तो आत कसा जातो हे बघायला फार उशीर लागला. मग अमेरिकेत जॉन शिलर आणि डग्लस लोवी यांच्या लॅबमध्ये खोटे व्हायरस बनवले, कवच खरं पण आत चमकणाऱ्या प्रोटीनचा जीन, जिथे शिरेल तिथे उजेड. ते उंदरांवर वापरून २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की आतलं अस्तर दुखावलेलं नसेल तर लागण होत नाही, आणि कॅरॅजीनन नावाचा समुद्री शेवाळाचा पदार्थ लावला तर व्हायरस अडतो. हे कॅरॅजीनन आइस्क्रीमला दाटपणा आणायला घालतात. मी हे गॅलरीत सांगितलं ती चूकच झाली, आता आमच्या इथली पोरं एचपीव्हीवर उपाय म्हणून फॅमिली पॅक मागतायत.

वहिनींनी शेवटी गेल्या शनिवारी पोरीला डोस दिला. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, कोणाला चक्कर येते म्हणून, तेवढा वेळ तिने मोबाइल बघितला, दंड दोन दिवस दुखला, बस. परतताना जिन्यात वहिनींनी हळूच विचारलं, "आणि ताई, माझं काय?" पंचेचाळीस वर्षांच्या आहेत, एकदाही स्मिअर केलेला नाही. म्हटलं या की, पाच मिनिटांचं काम आहे. दिवाळीनंतर बघते म्हणाल्या.

तेवढं ते चित्र बदला.

आपली एक नियमित वाचक,
लालबाग, मुंबई